उलट्या प्रदक्षिणा घालणारं हरीण

१४ मार्च १९५४. मी उडदाच्या पापडांचं पीठ कुटत होते. भडगावजवळच्या एका मळ्यातून बैलगाडी दारात आली. हे भडगावला गुरांचे डॉक्टर होते. गाडीत मेलेलं हरीण होतं, कपाळाला हळदकुंकू लावलेलं. सोबत मळ्याचे मालक होते, त्यांना सगळे नाना म्हणत, आणि त्यांची सून. तिला सातवा महिना होता.

हरीण आपणहून नानांच्या अंगणात आलं होतं. माणसाला भ्यालं नाही आणि तुळशीभोवती फिरत राहिलं. बायकांनी ते देवाचं ठरवून ओवाळलं. सुनेने तळहातावर गूळ चारला. त्याच हाताच्या बोटाला विळ्याची ताजी जखम होती, तिला हरणाची लाळ लागली. आज हरीण पाय झाडत मेलं, तेव्हा कुणीतरी म्हणालं, पिसाळलेलं असेल.

"कोणत्या बाजूने फिरत होतं?" ह्यांनी विचारलं.

सून पदराआडून मला म्हणाली, "डावीकडे. मी सासूले सांगेल व्हतं, प्रदक्षिणा उलटी शे."

"देवले काय उलटं नि काय सुलटं?" नाना म्हणाले.

कंपाउंडर रजेवर होता, म्हणून रबरी हातमोजे घालून डोकं मी धरलं. ह्यांनी करवतीने कवटी उघडली. मेंदूत डाव्या बाजूला सुपारीएवढी टणक गाठ निघाली.

"म्हणून एकाच अंगाला फिरत होतं," हे म्हणाले. "पण सुनेला पिसाळण्यावरच्या सुया घ्याव्याच लागतील."

नानांनी हात जोडले. "गाठ शे ना? मंग सुया कसाले? पोटुशी बाईना पोटमा चौदा सुया!"

"गाठ होती एवढं दिसलं, नाना. पिसाळलेलं नव्हतं, हे नाही दिसलं. एका डोक्यात दोन दुखणी मावतात. मेंदू तपासायला पाठवतो, पण उत्तर येईपर्यंत थांबता येणार नाही."

"बठ्ठा गाव हसी आम्हले. देवनं हरीण, नि त्यानी सुया!"

"हसू दे," मी म्हटलं. "गावाच्या बोटाला जखम नाही." मग सुनेला विचारलं, "तुझं काय म्हणणं, बाई?"

तिने एकदा सासऱ्याकडे बघितलं. "मले जगानं शे," ती म्हणाली.

नाना गाडीकडे गेले आणि बैलांना पाणी दाखवत बसले. परत आले ते एवढंच म्हणाले, "वहिनी, तुम्ही जाशात का तिनासंगे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने मी तिला जळगावच्या दवाखान्यात नेलं. सुई बघून तिने डोळे मिटले. मी तिचे दोन्ही हात धरले आणि डॉक्टरांना म्हटलं, "टोचा."