टेपमधला भाता

फाल्गुनात साखरा गावाच्या अंगणाअंगणांत उकडलेली हळद वाळत पडे, तिचा उग्र, मातकट वास उन्हाबरोबर घरात शिरे, आणि आतल्या अंधाऱ्या खोलीत माझे वारलेले काका ऑर्गन वाजवत असत.

ती कॅसेट नव्वदीच्या सुरुवातीची. हिंगोलीत स्टेशनजवळच्या एका हॉटेलात रात्रीचा क्लब चाले. सिकंदराबादला जॅझ शिकून आलेले काका तिथे पायाने भाता मारायचा जुना ऑर्गन वाजवत. हिंगोलीत जॅझ! लोक हसत, आणि ऐकायलाही येत. एकदा मालकाने समोर टेपरेकॉर्डर ठेवून सगळी मैफल भरून घेतली : ग्लासांची किणकिण, कुणा व्यापाऱ्याचं ‘एक और, मास्टरजी’, आणि दोन धुनांच्या मध्ये, सूर थांबले तरी चालूच राहिलेला भात्याचा श्वास. त्याच वर्षी काका तापाने गेले. तो क्लब म्हणजे बायकांनी पाऊल टाकावं अशी जागा नव्हती. त्यामुळे काकूने नवऱ्याची मैफल पहिल्यांदा ऐकली ती ते गेल्यावर, कॅसेटवर.

दर वर्षी काकांच्या तिथीला मी साखऱ्याला जाई आणि जेवणं आटोपली की काकूला ती कॅसेट लावून देई. धून दर वर्षी जराशी मंदावे, सूर किंचित खाली उतरे. पत्र्याच्या घरात उन्हाळेच्या उन्हाळे तापून फीत ताणत चालली होती, हे मला कळत होतं. कळूनही अंगावर काटा यायचा. कारण भात्याचा श्वासही लांबत होता, आणि भिंतीला टेकून, डोळे मिटून बसलेल्या काकूचा श्वास त्याच्याच लयीत चाले. मी उगाचच खोकून घेई.

पुढे शहरात कॅसेटची सीडी करून देणारी दुकानं निघाली. फीत कधीही तुटेल या धास्तीने मी काकूला म्हणालो, कॅसेट दे, कॉम्प्युटरवर वेगही मूळचा करून देतात, काका पुन्हा पहिल्यासारखे वाजवतील. मला वाटलं, ती हरखून जाईल.

तिने कॅसेट पदराआड घेतली.

“काहून?” ती म्हणाली. “भर जवानीत गेले हे. माझे केस पिकले, गुडघे गेले, अन् हे बी माझ्याबराबर म्हातारे होऊन राहिले. तू त्यायला परत जवान करून आणशील. मंग मी एकटीच म्हातारी राहू का?”

“पण काकू, फीत तुटली तर?”

“तुटू दे. मी तरी कुठं कायमची हाय? लाव आता.”

मी बटण दाबलं. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. पहिली धून संपली. भाता सावकाश भरला, सावकाश रिता झाला, आणि पुढचा श्वास यायला इतका वेळ लागला की मी टेपकडे पाहायचं सोडून काकूकडे पाहू लागलो. तिची छाती हलत नव्हती. हाक मारावी म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात श्वास आला. आधी कुणाचा आला, ते मात्र मला आजही सांगता येणार नाही.