गणितातलं गवत

भंडारा जिल्ह्यात सोळा वर्षं गणित शिकवलं की खडूंपेक्षा किस्सेच जास्त साठतात. त्यातही शाब्दिक उदाहरण जनावरांचं निघालं की मी आधीच खुर्ची ओढून बसते. पुस्तक लिहिणाऱ्याने बकरी चारलेली नसते, आणि माझ्या निम्म्या वर्गाने चारलेली असते!

लाखनीजवळच्या शाळेत फळ्यावर लिहिलं : सहा गाई एक कुरण बारा दिवसांत संपवतात, तर बारा गाई किती दिवसांत? वर्ग ओरडला, "सहा!" वैष्णवीचा हात मात्र वरच.

"म्याडम, तेवढ्या दिवसांत गवत वाढत नाही का?"

"गणितातलं गवत वाढत नाही," मी म्हटलं.

"मंग ते गवत नाही, प्लास्टिक होय!"

मग त्या सात मीटर दोरीचा किस्सा. खुंट्याला बांधलेली बकरी किती जागेत चरेल? रोशनीने पेपरात लिहिलं, 'चरणार नाही.' मी फुली मारली. दुसऱ्या दिवशी तिची आई पेपर घेऊन थेट वर्गात!

"माह्या पोरीले फुली काहून मारली?"

"उत्तर चुकलं, ताई."

"बांधलेली बकरी चरत नाही, म्याडम. बोंबलते! घरी येऊन पाहा."

गेले. अर्धा तास उभी राहिले. बकरी बोंबलतच होती. मी पूर्ण मार्क दिले. हेडमास्तर चिडले, चिडू देत!

एका वर्षी गोसीखुर्द धरणामुळे उठवलेल्या गावांतली मुलं माझ्या वर्गात होती. उदाहरण साधं. गावाचं कुरण बारा एकर, एकरी पाच जनावरं चरतात, तर एकूण किती? प्रज्ञा एरवी सगळ्यांच्या आधी सोडवायची. त्या दिवशी पेन खाली ठेवून बसली.

"काय झालं गं?"

"म्याडम, हे गाव धरणाच्या आधीचं का नंतरचं?"

"आधीचं," मी कशीबशी म्हणाले.

तिने साठ लिहिलं. मग मी न सांगताच खाली लिहिलं : नंतर, शून्य.

आणि दिघोरीकडची ती पल्लवी, पाचवीतली! तपासणीला साहेब आले होते. त्यांनी स्वतःच उदाहरण घातलं. "चाळीस बकऱ्या रानात चरायला नेल्या. दहा हरवल्या. संध्याकाळी घरी किती आल्या?"

पल्लवीने वहीत लिहिलं, चाळीस.

साहेब माझ्याकडे वळले. "बाई, हिला वजाबाकी येत नाही. कच्च्या मुलांच्या यादीत टाका."

"नाही टाकणार," मी म्हटलं. "तिला विचारा तरी!"

"येते ना वजाबाकी, सर," पल्लवीच बोलली. "तीस होते."

"मग चाळीस का लिहिलंस?"

"माही माय गावच्या बकऱ्या चारते. दहा रानात राहिल्या त त्या सापडल्याबिगर माय घरी येतच नाही."

"ते खोड आणि तीस लिही."

पल्लवीने खाली तीस लिहिलं. चाळीस खोडलं नाही. वही साहेबांकडे सरकवली.

"हे खालचं तुमचं, सर. वरचं माह्या मायचं."