दमेकरी कॅसेट

सोनपेठात मुंजाजी मेस्त्रीच्या दुकानात काही दुरुस्तीला टाकायचं तर आधी चार शब्द ऐकायची तयारी लागते. मिक्सर नेला तर "ह्याच्यात काय खडी दळता का?", पंखा नेला तर "ह्याला जल्मात एकदा तरी फडकं लावलं व्हतं का?" तोंड असं फटकळ, पण हात गुणाचा आणि कान तर विचारूच नका. मुंजाजीच्या बापाचा जन्म मेंढरांमागं गेला. कळपातलं कोणतं जनावर खोकलं हे तो पाठमोरा बसून सांगायचा. मुंजाजीनं तोच कान टेपरेकॉर्डरला लावला. मोटर केसभर जरी हळू फिरली तरी ह्याच्या कपाळाला आठी. हळू चालणारी टेप माझ्या दुकानातून कधी बाहेर पडली न्हाई, असं तो छातीवर हात ठेवून सांगायचा, आणि गावही ते मानायचं.

आता असल्या माणसाला इंग्लंडातल्या एका बँडचं वेड लागावं, ही देवाचीच करणी म्हणायची. बँड म्हणजे वरातीतला नव्हे. ‘टिन चॅपल’ नावाचे चौघे जण. पंक म्हणून एक आदळआपटीचं गाणं तिकडं निघालं होतं. ते ओसरल्यावर ज्यांनी राग तसाच ठेवला पण जरा विचारही करायला घेतला, त्यांच्या गाण्याला पोस्ट-पंक म्हणतात. टिन चॅपल त्यातलेच. त्यांचा गाणारा गातो कमी आणि घरमालकाशी भांडल्यासारखा बोलतो जास्त. चाळीस वर्षं उलटून गेली, तरी गडी अजून भांडायलाच लागलाय.

एक्क्याण्णव साली कृषी विद्यापीठाचा एक सुदानी विद्यार्थी ज्वारीच्या प्रयोगासाठी सहा महिने सोनपेठात राहिला होता. त्याची टेप मुंजाजीनं दुरुस्त केली आणि त्या नादात बँडच्या तोवर निघालेल्या आठही कॅसेटी ऐकल्या. इंग्रजी कळत नव्हतं, पण माणूस कशावर तरी खवळलाय एवढं कळलं, आणि तेवढं मुंजाजीला पुरलं. विद्यार्थी मायदेशी निघाला तेव्हा मुंजाजीनं आठही कॅसेटींच्या नकला करून घेतल्या. एक संच स्वतःला, एक बालमित्र शिवकांतअप्पाला. पुढं एस.टी.चा ड्रायव्हर भुजंग ह्या नादाला लागला आणि तिघांची बैठक जमली.

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी दुपारी, गिऱ्हाईक ओसरलं की, शिवकांतअप्पाच्या कापडदुकानात वाद. कोणती कॅसेट पहिली, कोणती शेवटची. खरी इंग्रजी नावं पुढं कळली, पण ती वापरतो कोण? ह्यांनी कॅसेटींचं बारसं आधीच उरकलं होतं: हातोडा, रडकी, पावशेर, सासुरवाडी. भुजंगचं म्हणणं ठरलेलं, पहिलं लेकरू ते पहिलंच, म्हणून ‘हातोडा’ एक नंबर. मुंजाजी ‘सासुरवाडी’साठी भांडायचा, कारण तिच्यात ढोल असा चालतो की शिवणयंत्रानं मान खाली घालावी. अधूनमधून हे दोघे असे हातघाईवर यायचे की शेजारचा भांडीवाला उठून बघायला यायचा.

शिवकांतअप्पाचं मात्र आठवीवर मन. ही आठवी सुरुवातीला चालायची इतरांसारखीच, पण जसजशी पुढं जाईल तसतशी मंदावत जायची. आवाज जड व्हायचा, ढोल थकायचा, आणि शेवटच्या गाण्यात तर गाणारा एकेक शब्द विहिरीतून ओढून काढल्यासारखा बोलायचा. मुंजाजीनं तिचं नाव ठेवलं ‘दमेकरी’. बँड म्हातारा झाला, ह्याला फुफ्फुसाच्या डॉक्टरला दाखवा, असं काय काय बोलायचा. दर यादीत दमेकरी तळाला. शिवकांतअप्पा काहीतरी बोलायला तोंड उघडायचा, पण त्याचं बोलणंच संथ. तोतरा नाही हो. एक शब्द ठेवला, तो नीट बसला का बघितलं, मग दुसरा ठेवला, अशी रीत. तोवर गिऱ्हाईकंसुद्धा त्याचं वाक्य स्वतःच पुरं करून मोकळी होतात. मुंजाजी तर पुरं करून वर त्याला उत्तरही द्यायचा. गेल्या कैक वर्षांत तर अप्पानं दमेकरीचं नाव काढणंच सोडलं होतं. ती तो दुकानात एकटा असला की लावायचा.

गेल्या पोळ्यानंतर शिवकांतअप्पा ती कॅसेट फडक्यात गुंडाळून मुंजाजीकडं घेऊन आला. फीत बुरशीनं खाल्ली होती आणि तीन ठिकाणी तुटली होती. मुंजाजीनं स्वतःची नकल काढली, तर ती वर्षानुवर्षं न वाजवता ठेवल्यानं पापुद्रे सोडायला लागलेली. दुरुस्तीचा प्रश्नच नव्हता. शिवकांतअप्पाचा चेहरा असा उतरला की मुंजाजीला चार शब्द टाकायचंही सुचलं नाही. फोनवरून नवी उतरवून देतो, येत्या बाजारी घेऊन जा, असं त्यानं कबूल केलं.

फोनवर बँडचं सगळंच होतं. बँडच्या पुढच्या तीन कॅसेटी ह्या तिघांनी फोनवरच ऐकल्या होत्या. पण पहिल्या आठ कोणी तिथं कधी शोधल्याच नव्हत्या. घरात हाय ते बाजारात धुंडतं कोण? मुंजाजीची बायको दैवशाला फोनशी बोलून पाहिजे ते काढण्यात पटाईत. तिनं क्षणात आठवी लावून दिली. मुंजाजी वायर जोडून बसला आणि दोन गाण्यांनंतर त्याची मान वर झाली. हे मंदावेना. तिसरं, चौथं, पाचवं, गाणारा आपला हातोड्यासारखाच तडातड भांडतोय. शेवटचं गाणं तर पळत होतं. मुंजाजीनं फोनला शिव्या दिल्या, पुन्हा लावलं. तेच.

आणि मग त्याला तो दिवस आठवला. विद्यार्थ्याची चारची एस.टी. होती. सात कॅसेटी झाल्या होत्या, आठवी बाकी, आणि लाइट गेली. मुंजाजीनं नकल घ्यायचं यंत्र जीपच्या बॅटरीवर लावलं, आणि ज्यातून मूळ कॅसेट वाजायची ते सेलवर. पहिली बाजू झाली, दुसरी लावली, तेवढ्यात आई, भिवराबाई, दारात: चल, पेडगावचे पाव्हने आलेत, पोरगी दाखवायला आणलीय. मुंजाजी यंत्रं चालू ठेवून तसाच उठून गेला. इकडं सेल उतरत गेले आणि नकल मंदावत गेली. परत आला तेव्हा कॅसेट संपली होती, विद्यार्थी मूळ घेऊन निघाला होता, आणि मुंजाजीनं पुढं आपल्या नकलेवरून शिवकांतअप्पाची काढली. मनात पाव्हणी, कानात काय जाणार?

ती पाव्हणी म्हणजे दैवशाला. तिला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"म्हंजे ती माझ्यापायी बिघडली व्हय? मंग दमेकरी म्हनून नावं कामून ठेवत व्हता इतके दिवस?"

मुंजाजीला हसू येईना. हळू चालणारी टेप ह्याच दुकानातून बाहेर पडली होती, ती आपल्याच हातची, आणि तिच्यावरून आपण तीस वर्षं एका गरीब स्वभावाच्या माणसाची थट्टा केली. सांगावं तर मेस्त्रीपणाची अब्रू जाते. न सांगावं तर पळती कॅसेट अप्पाच्या हातात द्यायची आणि त्यानं विचारलं की खोटं बोलायचं. दोन बाजार त्यानं टाळले. पाठ दुखतीय म्हणून निरोप पाठवला. तिसऱ्या बाजाराला दैवशालानंच घराबाहेर काढला. अप्पा रोज रिकाम्या टेपकडं बघायलाय, जरा लाज धरा, म्हणाली.

शिवकांतअप्पा तागा गुंडाळत होता. मुंजाजीनं बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं: लाइट, सेल, पेडगावची पाव्हणी. माफी मागता येत नाही म्हणून शेवटी स्वतःलाच दोन शिव्या दिल्या. मग फोन काढून खरी आठवी लावली. अप्पानं शेवटचं गाणं पुरतं ऐकलं. हातातला तागा बाजूला ठेवला. मुंजाजीला वाटलं, आता हसेल किंवा हाकलून देईल.

"मला वाटायचं," शिवकांतअप्पा म्हणाला, "एवढ्या लांब... एक मानूस हाय. माझ्यासारखा. हळू बोलनारा. आन् लोकं त्याचं... ऐकून घेतेत."

 कॅसेट बिघडवली ती एक चूक, पण आज खरं सांगून आपण तो माणूसच अप्पाच्या हातून काढून घेतला, हे मुंजाजीला तिथं उभ्या उभ्या कळलं. तो तसाच दुकानाबाहेर पडला.

पुढचे आठ दिवस सोनपेठात बोभाटा झाला की मेस्त्रीचं डोकं फिरलं. माणूस दारोदार उतरलेले सेल मागत होता. नवे नको, पार मेलेले नको, अर्धमेले पाहिजेत. कुणी जुन्या बॅटरीतले दिले, कुणी गॅसच्या गिझरमधले मोठे सेल काढून दिले. फोनवरची आठवी त्यानं कॅसेटवर उतरवली, ती सेलवर लावली, आणि दुसऱ्या यंत्रात नकल घ्यायला सुरुवात केली. जन्मभर बराबर चालीसाठी जिवाचं रान केलेला माणूस आता यंत्र मुद्दाम हळू पाडायला बसला होता. पहिल्या खेपेला सेल दुसऱ्याच गाण्याला मेले. दुसऱ्या खेपेला शेवटपर्यंत मंदावलेच नाहीत. तिसऱ्या खेपेला त्यानं निवडून निवडून सहा सेल बसवले, दुकानाचं शटर निम्मं ओढलं आणि स्टुलावर बसला. दैवशालानं आणलेला चहा निवून साय धरली. गिऱ्हाईक येऊन परत गेलं. भुजंगचा फोन आला तोही त्यानं उचलला नाही.

शेवटचं गाणं आलं आणि आवाज उतरायला लागला. शब्द... मग थांबून दुसरा शब्द. मुंजाजीनं हे गाणं आजवर थट्टेसाठीच ऐकलं होतं. आज पहिल्यांदा त्याला दिसलं, की हा गडी थकलेला नाहीच. त्याला घाई नाही, एवढंच. मुंजाजीच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि समोर कुणी नव्हतं म्हणून त्यानं ते येऊ दिलं.

बाजाराच्या दिवशी तिघं बसले. नवी कॅसेट दोन्ही बाजूंनी पूर्ण वाजली. भुजंगनं मध्ये मध्ये घड्याळ बघितलं, पण उठला नाही. संपल्यावर मुंजाजीनं आपणहून सांगितलं की आजपासून माझ्या यादीत जुनी दमेकरी पहिली, सासुरवाडी दुसरी. भुजंगनं लगेच हरकत काढली. अख्ख्या जगात ह्या बँडच्या अकराच कॅसेटी, तुमची ही जुनी अन् ही नवी हिशोबात धरता येत न्हाईत, वाद नियमानं झाला पायजे.

शिवकांतअप्पानं हात वर केला. दोघेही गप्प झाले.

"जुनी... दुसरी," तो म्हणाला. "ती मुंजा उठून गेल्यावर झाली." त्यानं यंत्रातून नवी कॅसेट काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली. "ही त्यानं... बसून केली. ही पयली."