हेलगाबाईंचा अर्ज

सोमवार, १२ डिसेंबर १९५५. हजर: पाळक शमुवेलनाना, नर्स हेलगाबाई, टपाल आणि फाटक सांभाळणारे ओंकार आबा, आणि मी. गैरहजर कोणी नाही.

दर सोमवारच्या सभेची टिपणं मीच लिहीत असे. त्या दिवशीचं पाचवं कलम माझ्या अक्षरात असं आहे – ‘हेलगाबाईंचा मुदतवाढीचा अर्ज रजिस्टर टपालाने धुळ्यास पाठवला.’ खाली नानांची सही आहे.

या एका ओळीबद्दल मी आजवर कोणाशी बोललेले नाही. नानांशी नाही, माझ्या सख्ख्या बहिणीशी नाही. प्रार्थनेतसुद्धा – खरं सांगते – मी या ओळीला वळसा घालून जाते. तुम्हाला का सांगते आहे? ते मलाही नीट कळलेलं नाही. पण सुरुवात केली आहे, तर क्रमाने सांगते.

नरडाण्यापासून बैलगाडीने तासाभराच्या वाटेवर आमचं मिशनचं आवार होतं. दवाखाना, चर्च, चार खोल्या, एक विहीर. मी तिथे विधवा म्हणून आले आणि दोन वर्षांत सगळा कारभार माझ्या हातात आला. कपाटातली पट्टी, आयोडीन, रॉकेल, कोणत्या खोलीचं कौल फुटलंय – सगळ्याची यादी माझ्याकडे. मला लोक रूथअक्का म्हणत. माझ्या यादीत चूक सापडत नसे, आणि हे मला चांगलं माहीत होतं.

हेलगाबाई नॉर्वेहून आल्या त्या स्वातंत्र्यानंतर वर्षभराने. उंच, लालबुंद, आणि अव्यवस्थित! कात्री कुठे ठेवली हे त्यांना कधी आठवायचं नाही. मोजून ठेवलेल्या पट्ट्या त्या वाटेत कोणाच्याही गुडघ्याला बांधून मोकळ्या व्हायच्या. मराठी त्या नानांकडे पुस्तकातून शिकायला बसल्या, पण शिकल्या मात्र खेड्यातल्या बायांकडून. धुळ्याहून मिशनचे मोठे साहेब आले तेव्हा ‘सगळं ठीक आहे’ हे त्यांना बायांच्या अहिराणीत म्हणाल्या, “बठ्ठं ठीक शे, साहेब.” साहेब हसले. मी मान खाली घातली.

पण बाया त्यांच्यावर जीव टाकत. त्या गावोगावच्या सुइणींना जमवून शिकवायच्या – नाळ कापायची ती उकळलेल्या कात्रीनेच, विळ्याने नाही. एकदा एका म्हातारीने, ही आपल्याला बाटवणार की काय म्हणून, सगळ्यांसमोर विचारलं, “आम्हाले बाटाडी देशी का व बाई?” हेलगाबाई म्हणाल्या, “ते नंतर पाहू. आधी हात धू.” म्हातारी इतकी हसली की तिला ठसका लागला. पुढे तीच म्हातारी सगळ्यांच्या आधी हात धुऊन बसायची. त्या सुइणींच्या हातून पहिल्या वर्षी जी मुलं सुखरूप झाली, त्यांची नावं हेलगाबाई पाठ म्हणत. कात्री आठवत नसे, पण नावं आठवत. हे सुख मी त्यांच्या तोंडावर पाहिलं आहे. अशा वेळी त्या गाडीत बसून भजन म्हणत यायच्या, टाळ चुकीचा वाजवत. आणि मी फाटकात हिशेब लावत उभी – किती कापूस नेला होता, किती परत आणला.

आता बिल्ल्यांचं सांगते. दवाखान्यात पूर्वी नुसती झुंबड असे. दांडगे पुढे घुसत, पाटलाच्या घरचे सरळ आत जात, आणि लांबून चालत आलेली बाई दिवस मावळेपर्यंत ओट्यावर. मी पत्र्याचे बिल्ले करवून घेतले, त्यांवर आकडे ठोकून घेतले. येईल त्याला बिल्ला, आकड्याप्रमाणे आत. त्याने गरिबांचं भलं झालं – हे मी आजही म्हणते. ती पद्धत चुकीची नव्हती.

त्या नोव्हेंबरात एक बाई आली, पोटुशी. तिच्या हातात एकतीस नंबर. आत बारावा नंबर चालला होता. तिने दोनदा माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बस, तुझा नंबर आला की बोलावते. आणि ती ओट्यावरच बाळंत झाली. बाळ-बाळंतीण दोघं नीट राहिली, हेलगाबाईंच्या हातांमुळे. हात पुसत त्या बाहेर आल्या आणि भरल्या ओट्यावर मला म्हणाल्या, “रूथ, आकडे बाळंत होत नाहीत. बाया होतात.”

सगळे हसले. एक बाई मागून म्हणाली, “अक्काना बिल्लाले पोर व्हयनं व माय!” आणि मग हसणं थांबेचना. दुसऱ्या दिवशी बिल्ले बंद. हेलगाबाईंनी ते मुलांना खेळायला देऊन टाकले. आठवडाभर आवारात पोरं माझे आकडे उडवत होती.

माझी चूक होती का? त्या बाईच्या बाबतीत होती. पण इतकी? सगळ्यांसमोर? मला झोंबलं ते एवढंच, की गेली सात वर्षं या बाईचं सगळं मी निस्तरत आले. हिचे कागद, हिचे परवाने, हिच्या हरवलेल्या कात्र्या. माझ्या याद्या नसत्या तर ही बाई या देशात एक महिना टिकली नसती – असं मी मनात म्हणत होते. पुन्हा पुन्हा म्हणत होते.

त्यांना परदेशी म्हणून निवास परवाना लागे आणि तो संपायच्या तीन महिने आधी मुदतवाढीचा अर्ज धुळ्याच्या पोलीस कचेरीत पोचावा लागे. तीन प्रती, तीन फोटो. दरवर्षी हे काम माझं. त्या वर्षी मुदत मार्चअखेर संपत होती. हेलगाबाईंनी न वाचता तीन सह्या केल्या, टेबलावर कागद टाकले आणि सुइणींकडे निघून गेल्या. मी पाकीट केलं. पत्ता लिहिला. आणि – पाकीट टपालाच्या पिशवीत न टाकता माझ्या कपाटात, जुन्या चादरींच्या खाली ठेवलं.

सभेत मात्र ‘पाठवला’ असं लिहिलं.

माझा बेत काय होता, तेही सांगते. त्याने काही हलकं होत नाही. आठवड्याभरात त्या घाईघाईने येतील, “रूथ, माझ्या अर्जाचं काय झालं?” म्हणून विचारतील, आणि मी कपाटातून पाकीट काढून म्हणेन – बघा, यादी नसली की असं होतं. एवढंच. त्यांनी एकदा विचारायला हवं होतं.

त्यांनी विचारलंच नाही. का विचारतील? काम माझ्याकडे होतं.

नाताळ आला, गेला. जानेवारी उजाडला. उशिरा का होईना, अजूनही पाठवता आलं असतं. पण पाठवायचं म्हणजे पाचवं कलम खोटं होतं हे नानांना सांगायचं. मी रोज सकाळी ठरवायची आणि रोज कामाला लागायची. त्या महिन्यात मी जितकं काम केलं तितकं कधी केलं नसेल. सगळी कौलं फिरवून घेतली. विहीर उपसून घेतली.

फेब्रुवारीत कचेरीचं पत्र आलं. अर्ज मिळालेला नाही; मुदत संपण्यापूर्वी देश सोडावा. नानांनी ते दोनदा वाचलं. मग मला म्हणाले, “अक्का, रजिस्टरची पावती काढा.”

माझ्याकडे प्रत्येक पावती असते. सगळ्यांना ठाऊक होतं. मी फाइल उघडली, पानं उलटली – उगाच उलटली – आणि म्हणाले, “पावती आलीच नाही. मी पाकीट आबांकडे दिलं होतं.”

ओंकार आबांना अक्षर येत नव्हतं. मंगळवारी आणि शुक्रवारी ते पिशवी घेऊन नरडाण्याला जात. मी त्यांना सांगायची, इतकी पाकिटं, त्यांतलं इतकं रजिस्टर. रजिस्टर असलं की ते उपरण्याच्या टोकाला गाठ मारत आणि पावती माझ्या हातात ठेवल्यावरच सोडत. अठरा वर्षं त्यांची एकही गाठ चुकली नव्हती.

आबा दारात उभे होते. त्यांनी उपरण्याचं टोक हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं. “अक्का, त्या दिवशी गाठ नव्हती मारेल.”

मी म्हणाले, “आबा, मी लिहून ठेवलंय.”

बस. मी एवढंच म्हणाले. आबा हळूच म्हणाले, “तुम्ही लिखेल शे ना? मंग मनीच चूक शे.”

माझं लिहिलेलं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांपेक्षा खरं मानलं. हे मी तेव्हाच ओळखलं होतं. ओळखूनही गप्प बसले. संध्याकाळी पाणी तापवायच्या बंबात ते पाकीट घातलं. फोटो वेगळे जळतात, वाकडे होत जळतात.

आणि पुढे? पुढे मी विनंती अर्जाची सगळी व्यवस्था केली. गावांची यादी केली, कोणत्या दिवशी कोणतं गाव ते ठरवलं, सुइणींचे, बाळंतिणींचे, त्यांच्या सासवांचे अंगठे घेत फिरले. बिल्ल्यावर हसलेली बाईही आली. म्हणाली, “अक्का, दोन्ही हातना अंगठा ली ल्या, पण बाईले थांबाडा.” त्या अंगठ्यांच्या वर मी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, की अर्ज वेळेवर पाठवला होता, वाटेत गहाळ झाला. एवढ्या बायांचे अंगठे मी माझ्या खोट्याखाली उमटवून घेतले. ते कागद मी सुईदोऱ्याने नीट शिवलेही.

नाना तो गठ्ठा घेऊन धुळ्याला गेले. मला वाटलं होतं, कचेरीतले साहेब हाकलून देतील. तसं झालं असतं तर बरं, असंही वाटलं होतं. पण साहेब माणूस निघाला. त्याने सगळं वाचलं आणि म्हणाला, टपालात गहाळ म्हटलं तर पावती लागेल. पण तुमच्याकडच्या कोणाच्या हातून राहून गेलं असेल, तर त्याने तसं लिहून इथे येऊन सही करावी. मी शिफारस जोडून वर पाठवतो. बहुधा होईल काम.

नाना धापा टाकत परत आले. इतके खूश! आम्ही चौघे पुन्हा त्याच टेबलाशी बसलो. आबा लगेच उठले – “मी देस अंगठा. आत्ते चला.”

तेव्हा हेलगाबाई पहिल्यांदा बोलल्या. “नाही. आबा पोलिसांच्या कचेरीत अंगठा देणार नाही. म्हातारा माणूस. उद्या त्याला कोणी त्रास दिला तर? मी त्यासाठी इथे राहणार नाही.”

नानांनी समजावलं. आबांनी हात जोडले. बाईंनी मान हलवली ती हलवलीच.

त्या टेबलावर दौत होती, टाक होता, कोरा कागद होता. मला लिहिता येत होतं. दोन ओळी – अर्ज माझ्या हातून राहिला, सही रूथ. कोणी मला तुरुंगात घातलं नसतं. फार तर सभेची टिपणं दुसऱ्या कोणी लिहिली असती. इतकं स्वस्त होतं ते! आणि मी काय केलं? मी त्या दिवसाची टिपणं लिहिली – ‘हेलगाबाईंनी नकार दिला.’

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्या गेल्या. नरडाण्याच्या स्टेशनात बाया इतक्या जमल्या की स्टेशनमास्तर बाहेर आला. आबा सगळ्यांच्या मागे खांबाला टेकून उभे होते. हेलगाबाई गर्दीतून त्यांच्यापर्यंत गेल्या, त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, “आबा, माझा तुझ्यावर राग नाही शे.” आबा लहान मुलासारखे रडले. त्यांनी न केलेल्या गुन्ह्याची माफी त्यांना मिळाली, आणि ती त्यांनी घेतली. मी चार हातांवर होते, बाईंचं सामान मोजत. सात नग. बरोबर भरले.

सुइणींचा वर्ग त्या पावसाळ्यापर्यंत चालला. मग एकेक येईनाशी झाली. उकळलेल्या कात्र्या घरोघर गेल्या, कुठे भाजी चिरायला, कुठे कापड कापायला. त्या वर्षीच्या बाळंतपणांची नोंद माझ्याकडे आहे. ती मी इथे देणार नाही.

हेलगाबाई नाताळात पत्र लिहितात. नॉर्वेत एका म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम करतात. मी उत्तर आठ दिवसांच्या आत पाठवते. त्यात पाऊसपाणी असतं, कोणाकोणाची लग्नं झाली ते असतं.

आबांनी टपालाचं काम आपणहून सोडलं. नाना नको म्हणत होते. आबा म्हणाले, आता माझा मला भरवसा वाटत नाही. फाटकही सोडलं आणि पहूरला लेकीकडे जाऊन राहिले. दोन वर्षांनी माझी बदली जळगावला झाली, मुलींच्या वसतिगृहावर. इथेही माझ्या याद्या चोख आहेत. सगळे म्हणतात.

गेल्या महिन्यात आबांची मुलगी जळगावच्या बाजारात भेटली. मी विचारलं, आबा कसे आहेत? म्हणाली, बरे आहेत, थकलेत. घरातला निरोप द्यायचा झाला तरी त्यांना कोणी सांगत नाही, कारण ते स्वतःच नको म्हणतात, माझ्याकडून राहून जाईल म्हणतात. आणि सकाळ-संध्याकाळ कोणा बाईसाठी प्रार्थना करतात. तिला त्या बाईचं नाव माहीत नव्हतं.

जळगावहून पहूरला मोटार जाते. मला शनिवारी दुपारनंतर काम नसतं. त्यानंतर चार शनिवार झाले. मी गेलेले नाही.