वन्संची सम

जगात जर्मनी, भारतात परभणी, हे आमच्याकडं शेंबडं पोरगंही सांगतं. पण परभणीत कोण, असं विचाराल तर मी डोळे झाकून आमच्या वन्संचं नाव घेईन. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. शाळेत मास्तरकी करून निवृत्त झाल्या, लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत आणि आता आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत पोरींना कथक शिकवतात. या बाईनं जन्मात एकच वैरी मानला, तो म्हणजे बेताल. माझं लाटणं पोळीवर जरा अडखळलं की पुढून आवाज येतो, "काय करायलीस गं? एका लयीत लाट की!" दुपारी पेपर तोंडावर घेऊन घोरणाऱ्या भावाला त्यांनी गदागदा हलवून उठवलंय, का तर श्वास आत घेताना तो मात्रा खातो. जयंतीच्या मिरवणुकीत तर त्यांनी ढोलवाल्यांना भर चौकात अडवलं, हातावर टाळी देऊन ठेका सांगितला आणि तो जमेपर्यंत कुणाला पुढं सरकू दिलं नाही. मागून पोलीस शिट्ट्या फुंकायला लागले, तर त्यांनाच म्हणाल्या, "वाजवायलातच तर ठेक्यात वाजवा की, साहेब!" आम्ही सगळे दुसरीकडं बघत उभे होतो.

त्यांच्या क्लासात नव्या पोरीला घुंगरू नुसते दिसायलाही महिने लागतात. आधी भिंतीला टेकून बसायचं, गाणं ऐकायचं आणि अंगात हालचाल कुठं उठली ते सांगायचं. मानेत, खांद्यात की टाचेत. एका पोरीचे वडील तणतणत आले. "बाई, नाच शिकायला पाठवली पोरगी. बसायला तर ती घरी पण बसते."

"घरी नुसती बसते," वन्सं शांतपणे म्हणाल्या, "इथं ऐकत बसते."

पुढचा धडा घागरीचा. रिकाम्या हातानं घागर उचलून डोक्यावर घ्यायची, पण प्रत्येक वेळी पेटीवरची चाल वेगळी. चाल संथ असली की घागर भरलेली दिसली पाहिजे, नाचरी असली की रिकामी. "घागर तीच, हात तेच, पण पाणी गाण्यात असतंय," हे त्यांचं आवडतं वाक्य. पोरींना पटेना, तेव्हा माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर खरीखुरी भरलेली घागर देऊन वन्संनी त्याला खोलीभर फिरवलं. तहसीलमधले सगळे ज्याला 'साहेब' म्हणतात तो माणूस पाण्यानं निथळत, मान सावरत चाललाय आणि बहीण मागून सांगतेय, "बघा गं, ही खरी संथ लय!" त्या दिवशी साहेब दुसरा शर्ट घालून ऑफिसला गेले.

पण या वन्संच्या घरातच बेताल जन्मला, तो म्हणजे आमची रमा. माझी लेक. हातपाय गोजिरवाणे, मेहनत भरपूर, पण प्रत्येक सम हुकायची. सम म्हणजे ताल फिरून जिथं परत येतो ती पहिली मात्रा. तिथं सगळ्यांचे पाय एकदम पडले की रमाचा मागून एकटाच पडायचा. मैत्रिणी तिला लेट पॅसेंजर म्हणायच्या. त्यात गावातल्या सभागृहात क्लासचा पहिला कार्यक्रम ठरला. रमानं जेवण सोडलं. मी गुपचूप रदबदली करून बघितली, तर वन्सं म्हणाल्या, "घरची म्हणून घेणार न्हाई. सम आली तरच." मग जरा थांबून, "पोरगी बेताल न्हाई गं. आधी ऐकते, मग पाय टाकते. लय आज्ञाधारक हाय, हेच वाकडं झालंय."

दुसऱ्या दिवशी सगळ्या पोरींना घेऊन बाई निघाल्या पिंगळीच्या रेल्वे फाटकाकडं. कथक शिकायला फाटक! मीही गेले, म्हटलं बघावं तरी. फाटक लागलं, गाडीचा पत्ता नाही. मोटारसायकलवरचा एक दादा कावला, "गाडी कुठंच दिसंना, आन् फाटक कामून लावलं?"

वन्संना जणू लॉटरी लागली. "ऐकलं का गं रमा? गाडी दिसल्यावर फाटक लावलं असतं तर?"

"मेले असते की सगळे," रमा म्हणाली.

"मग? सम ऐकून पाय उचलायचा न्हाई बाळा. ती यायलीय हे अंगाला आधीच कळलं पाहिजे. आन् सम कुणासाठी थांबत न्हाई."

गाडी धडधडत गेली. रमानं तिथंच, धुरळ्यात, पाय आपटून बघितला. घरी येईपर्यंत रिक्षात आपटत होती. आठवडाभरात तिची सम यायला लागली आणि मी देवाऐवजी पिंगळीच्या फाटकवाल्याला हात जोडले.

त्या हिवाळ्यात वन्संना दम लागायला लागला होता. जिन्यात मधेच थांबायच्या, वर "पायऱ्या मोजायलेय" म्हणायच्या. कबूल करतील तर वन्सं कसल्या! कार्यक्रमातला शेवटचा तुकडा नुसत्या बोलांवर होता. पेटी, तबला गप्प. वन्सं तोंडानं बोल म्हणणार आणि त्यावर पोरी नाचणार. एकच ओळ तीनदा म्हणायची आणि शेवटी 'धा', तीच सम. पोरी झकास नाचल्या, रमा कुठंही मागं नव्हती. तिसऱ्या वेळी मात्र वन्संचा श्वास तुटला. 'धा' आलाच नाही. बाकीच्यांचे पाय शिकवल्याप्रमाणे वेळेवर पडले. रमाचा पाय वरच राहिला. ती आत्याकडं बघत एका पायावर उभी राहिली. वन्संनी कसाबसा श्वास ओढला, 'धा' म्हटलं, आणि त्या 'धा'वर रमाचा एकटीचा पाय पडला. लोक हसले.

आत आल्यावर वन्सं कडाडल्या. "थांबलीस कामून? काय शिकवलं होतं मी?"

"तुला दम लागला होता, आत्या."

खुर्चीवर बसून वन्संनी रमाचा पाय मांडीवर ओढला आणि तिचे घुंगरू सोडायला लागल्या. शिष्येच्या पायाला गुरूनं हात लावायचा नाही म्हणून रमा मागं सरायला लागली, तर तिच्यावर खेकसल्या. गाठ त्यांना सुटेना. डोळे भरून आले होते, दिसणार कसं? मी पुढं झाले तर मलाही हातानं दूर केलं.

"बेतालच निघाली तुझी पोरगी," असं म्हणून, गाठ सोडायची टाकून, तो पाय नुसता धरून बसल्या.