टायपिंगच्या बाईंची यादी

आमच्या टायपिंगच्या बाईंनी उभ्या जन्मात कुणाला सुट्टी दिली नसेल, आणि स्वतःला तर नाहीच. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचा क्लास होता. मी दुसऱ्या मजल्यावर राहायचो. पण त्यांचा जुना विद्यार्थी असल्यामुळे जिन्यात नुसती गाठ पडली तरी माझी पाठ आपोआप ताठ व्हायची. क्लासचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असायचं. कुणी भराभर बोलू लागलं की बाई म्हणायच्या, "मध्ये स्पेस दे." सख्ख्या भावाच्या लग्नात अक्षता पडताच जेवणाचं ताट सोडून त्या शालूसकट चारच्या बॅचला हजर झाल्या होत्या. वहिनी रागावणार नाही का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "तिला नवरा मिळालाय. या पोरांची परीक्षा आठ दिवसांवर आहे."

२००५ सालच्या जुलैत कामवारी नदी गावात शिरली त्या दुपारीही क्लास चालूच होता. वीज गेली, समोरच्या कारखान्यातले माग थांबले, आणि मागांचा खडखडाट बंद पडलेली भिवंडी मी पहिल्यांदा ऐकली. मी खाली धावलो तेव्हा उंबऱ्यात पाणी होतं आणि बाई दार अडवून उभ्या होत्या. जवळच्या शेलार गावातल्या दोघी बहिणी, मनीषा आणि तिची धाकटी, घरी जायला निघाल्या होत्या.

"आई वाट बघत असंल, बाई. जाऊ द्या ना."

"बघू दे. तिला तू हवी आहेस, तुझी बातमी नको. चल, वर."

समोरच्या कारखान्याचे अन्सारी मुकादम तोवर रस्त्यावरच्या गुडघाभर पाण्यातून आले. "बाई, मशीन छोडो, जान बचाओ."

"जान ऊपर भेज दी है," बाई शांतपणे म्हणाल्या, "अब मशीन उठाओ."

आम्ही अकरा यंत्रं वर नेली. उरलेली तीन बुडाली, त्याबद्दल बाई मुकादमांशी पुढे महिनाभर धड बोलल्या नाहीत.

दोन दिवस गाव बंद होतं. फोन मुके झाले होते. अडकलेल्या एसटीतली माणसं, कामगार, लेकुरवाळ्या बाया असं कोण कोण आमच्या जिन्यात आणि आजूबाजूच्या माड्यांवर येऊन बसलं होतं. त्या दोघी मुली रडू लागल्या तेव्हा बाईंनी जिन्याच्या मधल्या चौकात यंत्रं मांडली. "बोटं थांबली की मन नको तिकडे जातं," असं म्हणून त्यांनी कामच काढलं. मी आणि मुकादमांनी गच्चीवरून शेजारच्या गच्च्यांना हाका मारायच्या, कोण कुठे आहे ते विचारायचं, आणि मुलींनी नाव, गाव, ठिकाण टाईप करायचं. कार्बन घालून चार-चार प्रती. चूक झाली की कागद पुन्हा पहिल्यापासून. जिन्यात बसलेली माणसं कुरकुरली, पण आपलं नाव नीट उतरलंय ना, हे बघायला प्रत्येक जण दोनदा येऊन गेला.

तिसऱ्या दिवशी पाणी गुडघ्यावर आलं तसे मी आणि मुकादम चिखल तुडवत निघालो आणि नाक्यावर, स्टँडवर, मशिदीजवळ, शाळेपाशी ते कागद लावून आलो. दुपारी मुलींचे वडील आले. दोन दिवस ते पाण्याच्या कडेकडेनं पोरींना शोधत होते. "नाक्यावर नाव वाचलं," एवढंच म्हणाले आणि पायरीवर बसले. बाईंनी त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं, "सोमवारी दोघींना पाठवा. तीनच्या बॅचला."

दोघी आल्या. परीक्षाही पास झाल्या.

पुढे कॉम्प्युटर आले, क्लास ओस पडला, यंत्रं भंगारात गेली आणि बाई भावाकडे गणेशपुरीला राहायला गेल्या. दोन वर्षांनी मी भेटायला गेलो. आवाज तसाच होता. मी त्या यादीची गोष्ट काढली; किती घरं सावरली तुम्ही, असं काहीतरी म्हणालो.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाल्या, "एका ओळीत चूक राहिली होती. नसीमाचं नसीम झालं होतं. एक काना सुटला. तिचा नवरा तो कागद वाचून पुढे गेला, पुरुषाचं नाव समजून. दुसऱ्या दिवशी परत आला."

"पण बायको सापडली ना, बाई?"

"सापडली," त्या म्हणाल्या. "पण तो एक दिवस त्यानं कसा काढला असेल रे?"

मी त्यांचा हात नुसता हातात धरून बसलो, आणि शेवटची एसटी चुकली तरी उठलो नाही.