आप्पांच्या प्रचाराच्या टेम्पोवर माझंच गाणं

मी गाव सोडलं त्या सकाळी आमच्या आणे गावच्या स्टँडवर मला निरोप द्यायला बारा-पंधरा माणसं जमली होती. ती माझ्यासाठी जमली होती असं मी पुण्यात बरीच वर्षं सांगत आलो. खरं म्हणजे आमचे वडील, आप्पा, तेव्हा ग्रामपंचायतीचे सदस्य होते, आणि सदस्य स्टँडवर उभा दिसला की माणसं आपोआप गोळा होतात. कुणाला दाखला हवा असतो, कुणाचा बांध शेजाऱ्यानं कोरलेला असतो. आप्पांनी संधी सोडली नाही. घसा खाकरला, खिशातला रुमाल काढून हातात धरला आणि माझ्या शिक्षणावर भाषण सुरू केलं. ते दोन मिनिटांत माझ्यावरून स्वतःवर आलं. “आपल्याला खुर्चीची हाव न्हाई, राव. पण लोकांनी बसवलंच, तर मधीच उठून लोकांचा अपमान बी करणार न्हाई!”

मला इतकी लाज वाटली की समोर जी एसटी थांबली तिच्यात चढलो. ती नगरची होती. पुण्याला जायचं तर आळेफाट्याकडं, म्हणजे बरोब्बर उलटं. पुढं टाकळीला उतरलो, परतीची गाडी धरली आणि तासाभरानं पुन्हा त्याच स्टँडवर. मंडळी तिथंच. आप्पा खिडकीशी आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “आलास व्हय? झालं शिकून?”

असं माझं स्थलांतर. गावी राहिलेल्यांनो, तुम्हाला हे माहीतच आहे. गाव सोडून गेलेल्यांनो, तुमचंही यापेक्षा फार वेगळं झालं नसणार, फक्त तुम्ही सांगत नाही. आमचा चुलतभाऊ बापू विचारतो, पुणं ते काय, दुपारचं जेवून निघालास तर चहाला घरी पोचशील, त्यावर कसल्या आठवणी लिहितोस? त्याचं चुकत नाही. माझ्या वर्गातला एक जण कॅनडात आहे आणि तो माझ्यापेक्षा जास्त वेळा घरी येतो.

पुण्यात पहिली दोन वर्षं मी भाषा घासूनपुसून काढली. ‘व्हतं’चं ‘होतं’ केलं, ‘लई’ टाकून ‘खूप’ घेतलं. पुढं हिंजवडीत टेस्टिंगची नोकरी लागली. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार मिळतो, स्वतःच्या मी हौसेनं करतो. आप्पांना फोन केला की मी ‘तुमची तब्येत कशी आहे, औषधं वेळेवर घेता ना’ असं विचारायचो, आणि ते पलीकडून ‘हो साहेब’ म्हणून फोन आईकडं द्यायचे. मला वाटायचं, त्यांना माझा अभिमान वाटतो.

ऑफिसातल्या एका ड्रमरमुळं मी नाटकवाल्यांत पडलो. रविवारी जमणारी हौशी मंडळी. त्यांना राजकारणावर मराठी रॉक म्युझिकल करायचं होतं: दोन गिटार, एक ड्रमसेट आणि खुर्चीवरून न उठणारा सरपंच. लिहिणारी आणि बसवणारी सायली. ती लहानपणी परदेशातल्या अशा नाटकांचे, मूळ नटांनीच गायलेले अल्बम ऐकत वाढली होती. एकही नाटक तिनं पाहिलं नव्हतं, सगळी पाठ होती. मी तिथं स्पीकर उचलायला गेलो होतो. मध्येच बापूचा फोन आला. बापूशी मी अजून घरच्यासारखंच बोलतो, त्याच्याशी दुसरं बोललो तर तो शिव्या घालतो. मी फोन ठेवला तर सायली समोर उभी. “हाच! मला हाच सरपंच पाहिजे. असंच बोल!”

म्हणजे जे घासून काढायला दोन वर्षं लागली, ते पुन्हा चढवायचं होतं. मी चढवलं. आणि चढवताना सगळे आप्पा देऊन टाकले. खाकरणं दिलं, हातातला रुमाल दिला, माइकला टिचकी मारून ‘येतोय का आवाज मागं?’ विचारणं दिलं. ते खुर्चीचं वाक्यही दिलं. सायलीला वाटलं ते मला जागेवर सुचलं. मी तसं वाटू दिलं. श्रेयनामावलीत माझं नाव ‘लेखन साहाय्य’ म्हणून आलं आणि मी ते फ्रेम करायचं तेवढं बाकी ठेवलं.

नाटकातलं सगळ्यात गाजलेलं गाणं सरपंचाचं. धृपद असं:

पाणी आलं, रस्ता झाला, दिवा लागला दारात,
भाऊ आमचे खुर्चीवरती, गाव आमचं जोरात!

रंगमंचावर काय व्हायचं, तर ‘पाणी आलं’ म्हणताना बायका उपडे हंडे बडवायच्या. ‘रस्ता झाला’ला दोघं खड्ड्यात पडायचे. ‘दिवा लागला’ म्हटलं की थिएटरचे लाइट जायचे. मी खुर्चीत बसून गात राहायचो आणि गावकरी खुर्ची उचलून उंच उंच धरायचे, इतकी की शेवटी मला कुणी दिसायचं नाही. लोक हसून हसून पुढच्या खुर्चीवर डोकं टेकायचे.

प्रयोग बरे चालले तसा सायलीनं अल्बम काढायचं ठरवलं. एका इमारतीच्या तळघरात, भिंतींना गाद्या लावलेल्या स्टुडिओत, दोन दिवस आम्ही गात होतो. ती म्हणायची, चांगला अल्बम ऐकला की नाटक डोळ्यांपुढं उभं राहतं. राहतं खरं. फक्त प्रत्येकाच्या डोळ्यांपुढं तेच राहील याची खात्री नसते. हंडे तिथंही बडवले, पण ते रिकामे आहेत हे दिसत नव्हतं. उलट ध्वनिमुद्रकानं त्यांना असा काही घुमारा दिला की जत्रेतली हलगी वाटावी. खड्डे आणि अंधार तर ऐकूच येत नाहीत. राहिलं काय? माझा आवाज, जोरदार गिटार, मध्ये बोललेलं ते खुर्चीचं वाक्य आणि ‘भाऊ आमचे खुर्चीवरती’.

आणि मी शहाण्यानं ते गाणं घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, ‘मुख्य गायक मी.’ आईचे हात जोडलेले आले, बापूचे अंगठे आले, आप्पांचं काही आलं नाही. मीही विसरलो.

पुढं आठ-दहा महिन्यांनी आप्पा सरपंचपदाला उभे राहिले. आयुष्यभर सदस्य राहून झालं होतं. या वेळी नाही तर कधीच नाही, असं त्यांचं वय. समोर शिवानाना. हे आमच्या आत्याचे दीर, म्हणजे लढत घरातच. नेहमीप्रमाणं ओझरच्या गणपतीला जाऊन प्रचाराचा नारळ फुटला. त्या संध्याकाळी बापूचा फोन.

“भाऊ, तुझ्या गाण्यानं मैदान मारलं बघ! टेम्पोवर दोन भोंगे लावलेत. वाड्या-वस्त्या, मळे, समदीकडं तेच. पोरं नाचत्यात!”

“कोणतं गाणं?”

“तुझी काय दहा गाणी हाईत व्हय रं? आप्पांचं गाणं!”

बापाची टर उडवायला म्हटलेलं गाणं बापाच्या प्रचाराला लागलं होतं, आणि ते टर आहे हे गावात कुणालाच कळलेलं नव्हतं. शिवानानांचा पुतण्या मात्र पुण्यातच, वाकडला राहतो. त्यानं प्रयोग पाहिला असेल तर? प्रयोगाचा व्हिडिओ कुणी गावात दाखवला, रुमाल हातात घेऊन खाकरणारा सरपंच मुलानंच उभा केलाय हे लोकांनी पाहिलं, तर आप्पा नुसते पडणार नव्हते. पुन्हा कधी स्टँडवर उभे राहिले नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रजा टाकून निघालो. पूर्ण रस्ता मनात वाक्यं जुळवत होतो. मंचरला एक जुळलं, नारायणगावला ते मोडलं. बेल्ह्यापुढं तोच टेम्पो समोरून आला. गाडीतली सगळी खिडकीला लागली. शेजारची म्हातारी ठेका धरून म्हणाली, “गाणाऱ्याचा गळा चांगलाय, पण जरा जास्तीच वरडतोय.” मी मान डोलावली.

आप्पा घरामागं कांद्याच्या चाळीत होते, सडके निवडून बाजूला टाकत. मीही बसलो, निवडायला लागलो. मग एकदम बोललो, “आप्पा, ते गाणं बंद करा. ते कौतुकाचं नाहीये. ते… म्हणजे नाटकात सगळे हसतात त्याला. त्या सरपंचाला.”

“म्हायतीय.”

“काय माहितीय?”

“अरं, चाळीस वर्सं मी जत्रंच्या तमाशाची सुपारी द्यायला नारायणगावला जातोय. तमाशा पुढच्या रांगंत बसून बघितलाय. सोंगाड्या पाटलाची टोपी उडवायचा, आन पाटील आमच्या शेजारी बसून हसायचा. तू मला शिकीवणार, कोण कुणाची टोपी उडवतंय ते?” एक कांदा नाकाशी नेऊन त्यांनी लांब फेकला. “आन ते खुर्चीचं बोलणं. ते तर माझंच हाय.”

“मग लावलं कशाला?”

“नानाचा पुतण्या तिकडंच असतो नव्हं? त्यानं आणून लावलं असतं, तर लोक म्हणले असते, बघा, सख्खा पोरगा बापाला हसतोय. आता आपणच लावलंय. आता त्याच्याकडं काय उरलं?”

मी स्वतःला उपरोधाचा जाणकार समजत होतो आणि इथं कांदे निवडणाऱ्या माणसानं माझा उपरोध जुंपून स्वतःचा प्रचार हाकला होता. इतकं सोपं असतं तर मी हसून पुण्याला आलो असतो. पण मी हातपाय धुवायला गेलो तेव्हा आई हळूच म्हणाली, “टेम्पो दारावरनं निघाला की बाहीर येऊन उभं ऱ्हात्यात. पार वळणापातुर ऐकत्यात. काल मला म्हणले, फोनवर कुणीतरी सायेब बोलतो, पण ह्यो आवाज आपल्या पोराचा हाय.”

मग खरं काय? नानाला चकवलं, की माझा आवाज ऐकायला दोन भोंगे भाड्यानं घेतले? मी पुन्हा चाळीत जाऊन विचारलं. आप्पा म्हणाले, “ते वरचं पोतं घे.”

आप्पा निवडून आले. मी गुलाल खाल्ला, नाचलो, शिवानानांच्याही पाया पडलो. त्यांनी मला उठवून कानात विचारलं, “आमच्यावर कधी करतो रं गाणं?”

उन्हाळ्यात टँकर दोनदा चुकला तेव्हा बायका हंडे घेऊन ग्रामपंचायतीवर आल्या आणि दारात उपडे घालून तेच गाणं म्हणायला लागल्या, ‘पाणी आलं, रस्ता झाला’. त्यांच्यातल्या एकीनंही प्रयोग पाहिला नव्हता. बापूनं मला व्हिडिओ पाठवला. सायलीला दाखवला तर ती म्हणाली, “ठेका आपल्यापेक्षा चांगला आहे.” व्हिडिओत आप्पा दारातच उभे होते. बायकांचं संपेपर्यंत उभे होते. मग रुमालानं तोंड पुसून म्हणाले, “उद्या सकाळी टँकर न्हाई आला, तर हीच खुर्ची तुमच्यात आणून टाकतो.” टँकर आला. कुणाच्या पाया पडून आणला ते त्यांनी सांगितलं नाही.

तेव्हापासून माझं नाटकात काहीतरी बिघडलंय. लोक हसायला लागले की मी त्यांच्याकडं रागानं बघतो. सायली दोनदा ओरडली, सरपंच इतका गंभीर का होतोय म्हणून. मी सांगू काय? गावात गेलो की मी तो टर उडवणारा पुण्याचा, आणि पुण्यात खुर्चीवर बसलो की मी गावाचा उमेदवार.

गेल्या महिन्यात दुपारचा प्रयोग होता. तो संपल्यावर पार्किंगमध्ये एक गृहस्थ आले, हात हातात घेतला. “काय हुबेहूब उभा केलात हो! हे लोक अगदी असेच असतात.”

“असेच म्हणजे?”

“अहो, काम शून्य, भाषणं मात्र…”

मी त्यांचा हात सोडला नाही. त्यांना सांगितलं की गावातल्या पाण्याच्या टाकीचं काम जोत्यापर्यंत आलंय. शाळेकडच्या रस्त्यावर खडी पडलीय, डांबर दिवाळीनंतर. टँकर आता दिवसाआड येतो, आणि दोनदा चुकला तेव्हा माणूस दारात उभा राहून ऐकत होता, मागच्या दारानं गेला नाही. मी खाकरत होतो, हे मला नंतर कळलं. गृहस्थांच्या बायकोनं गाडीचा हॉर्न वाजवला. ते गोंधळून म्हणाले, “पण मग तुम्ही… हे नाटक… तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं आहात?”

त्यांचं आमच्या गावात मत नव्हतं. आण्याचं पठार कुठल्या दिशेला हेही त्यांना माहीत नसणार. तरी ते गाडीत बसल्यावर मी खिडकीशी वाकून म्हणालो, “या की एकदा गावाकडं. लई लांब न्हाई. समदं दाखवतो.”